गोमंतकातील किल्ले : वारसा कोणाचा?

(जागतिक वारसा सप्ताहानिमित्त शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सह्याद्रीचा कडा उभा राहतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील असून बारावा तामिळनाडूतील जिंजी होय. या सन्मानाचा आनंद गोमंतकीयांनाही व्हावा हे स्वाभाविकच आहे. तथापि गोमंतकातील किल्ल्यांचा प्रश्न काहीसा निराळा आहे. येथील महत्त्वाचे बरेच किल्ले नदीच्या मुखाशी वा खाडीच्या काठी उभे आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे परकीय सत्तेने बांधलेले किंवा जिंकून नव्याने उभारलेले आहेत. ज्या सत्तेने १५१० पासून १९६१ पर्यंत या भूमीवर अंमल गाजविला, तिच्या तोफांचे बुरूज आपला वारसा म्हणून का जपावेत, असा प्रश्न एखाद्या ग्रामस्थाच्या मनात आला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की ‘पोर्तुगीज किल्ला’ हे नाव अनेकदा अर्धेच खरे असते. पणजीसमोर मांडवीच्या उत्तर तीरावर असलेला रेइश मागूशचा किल्ला पोर्तुगीजांनी १५५१ मध्ये बांधावयास घेतला. पण त्या जागी त्यापूर्वी आदिलशाही चौकी होती. शापोऱ्याच्या किल्ल्याचा आरंभही आदिलशाहीतच झाला, आणि आज दिसणारे त्याचे रूप १७१७ च्या पुनर्बांधणीचे आहे. तेरेखोलचा किल्ला तर सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी बांधलेला. तो १७४६ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्याच वर्षी पेडण्यातील हळर्णचा किल्लाही त्यांनी घेतला, आणि ज्या व्हाइसरॉयने तो घेतला त्याच्या सरदारकीच्या नावात हळर्णचे नाव कायमचे जाऊन बसले. दक्षिणेकडे काणकोणातील खोलगड, म्हणजे काब द राम, सोंदेकर राजांकडून त्यांच्याकडे गेला. एका किल्ल्याचे धनी तीनदा बदलले तरी त्याचे चिरे मात्र येथल्याच जांभ्याचे राहिले.

या तटांनी पाहिलेल्या लढायाही एकतर्फी नव्हत्या. फोंड्याचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये आदिलशहाकडून जिंकून घेतला. पुढे १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने त्याला वेढा घालून तटास खिंडार पाडले. किल्ल्यातील मराठ्यांनी नेटाने तोंड दिले. तोच संभाजी महाराज कुमक घेऊन आले आणि व्हाइसरॉयला दुर्भाटच्या वाटेने माघार घ्यावी लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मराठ्यांनी जुवे बेटावरील किल्ला रात्रीच्या वेळी ओहोटी साधून घेतला, तेव्हा खुद्द गोवे शहरात हलकल्लोळ माजला. १७३९ च्या स्वारीत बारदेश मराठ्यांच्या ताब्यात आला. केवळ आग्वाद आणि रेइश मागूश हे दोन किल्ले पडले नाहीत. हा इतिहास शाळेच्या पुस्तकातून शिकविता येतो हे खरे, परंतु मांडवीचे मुख आणि ते दोन किल्ले एकदा मुलांना दाखविले, तर बारदेश हाती येऊनही मराठ्यांना नदीवर ताबा का मिळविता आला नाही हे अर्ध्या तासात समजते. फोंड्याच्या मूळ किल्ल्याचे मात्र आज फारसे काही शिल्लक नाही. फर्मागुडीस महाराजांचे स्मारक उभे आहे. ते श्रद्धेचे स्थान होय. पण नवे स्मारक कितीही भव्य असले तरी ज्या तटाला खिंडार पडले होते तो तट ते परत आणू शकत नाही. किल्ला एकदाच असतो.

आता आग्वाद. १६१२ मध्ये पूर्ण झालेल्या या किल्ल्याचे नावच पाण्यावरून पडले आहे. समुद्रप्रवासाहून आलेली गलबते येथे गोड पाणी भरून घेत. वरच्या किल्ल्यातील टाक्यात सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावत असे. पावसाचे व झऱ्याचे पाणी साठवून एवढी मोठी व्यवस्था ज्यांनी केली, त्यांच्या हेतूविषयी आपले मत काहीही असो, तिच्यातील स्थापत्य अभ्यासण्याजोगे आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाने तर ते विशेषच अभ्यासावे.

परंतु गोमंतकीयांच्या लेखी आग्वादचे मोल टाक्यात नाही. ते त्याच्या खालच्या भागातील तुरुंगात आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राम मनोहर लोहिया यांनी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली. त्याच वर्षीच्या जुलैत त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना पकडून आग्वादच्या कोठडीत डांबण्यात आले आणि लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा फर्माविली. सप्टेंबरच्या अखेरीस गोव्यात परतलेल्या डॉ. लोहियांनाही आग्वादमध्येच ठेवले होते. पुढे कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे आदींना समुद्रापार पोर्तुगालमधील पेनिश येथे नेण्यात आले. पेनिश हाही किल्लाच. मोहन रानडे यांनी १९६९ मध्ये सुटका होईपर्यंत जेथे कारावास भोगला ते लिस्बनजवळचे काशियश, तेही मुळात किल्लाच. गोव्याला मुक्त होऊन तेव्हा सात वर्षे उलटून गेली होती.

पेनिशची पुढची हकीकत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. त्या किल्ल्यात सालाझारच्या राजवटीने गोमंतकीयांप्रमाणे स्वतःच्या देशातील विरोधकांनाही डांबले होते. २०१६ मध्ये तो हॉटेल व्यवसायासाठी देण्याचा विचार पुढे आला, तेव्हा पूर्वीच्या राजबंद्यांसह अनेक पोर्तुगीज नागरिकांनी विरोध केला. सरकारने तो बेत सोडला, आणि एप्रिल २०२४ मध्ये तेथे प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले. ज्या भिंतींनी माणसे कोंडली त्याच भिंती साक्षीदार म्हणून उभ्या राहाव्यात, असे त्या लोकांनी ठरविले. गोमंतकानेही याच दिशेने पाऊल टाकले आहे. आग्वादचा तुरुंग २०१५ मध्ये तेथून हलविण्यात आला आणि दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये तो वारसास्थळ म्हणून जनतेसाठी खुला झाला. रेइश मागूश १९९३ पर्यंत तुरुंग होता. राज्य शासन, इन्टॅक व हेलन हॅम्लिन न्यास यांच्या सहकार्याने त्याचे जतन होऊन २०१२ पासून तो लोकांना पाहता येतो. तेथील मारियो मिरांडा यांची चित्रे पाहावयास येणाऱ्याने तुरुंगाची बाजूही पाहून जावे.

मोठ्या किल्ल्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. चिंता आहे ती लहान किल्ल्यांची. १७०५ मधील खोर्जुव्याचा छोटा चौकोनी किल्ला, शिवाजी महाराजांच्या काळातील बेतूलचा किल्ला, हळर्णची तटबंदी, यांच्याकडे पर्यटकांचा ओघ वळत नाही. त्यांचे खरे रक्षक आसपासचे ग्रामस्थच. आणि स्पष्ट बोलावयाचे तर, कित्येक ठिकाणी भक्षकही तेच ठरले आहेत. घराच्या जोत्याला, विहिरीच्या कठड्याला, कुंपणाला आयते घडविलेले चिरे हवे असतात. तटाचा एक चिरा निखळला की पुढच्या पावसाळ्यात त्या पोकळीत पाणी शिरते, आतली भर वाहून जाते आणि दहा हात भिंत कोसळते. चिरा नेणाऱ्यास एकच चिरा नेल्याचे समाधान असते.

सद्‌हेतूनेही हानी होते. बुरुजात रुजलेला पिंपळ हाताने उपटला तर मुळांबरोबर दगडही निघतात. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंट थापले तर ओल आत कोंडते आणि जांभा आतून झिजत जातो. जुन्या भिंतीला चुनाच मानवतो. म्हणून उत्साही तरुण मंडळांनी श्रमदान जरूर करावे. पण ते गवत काढणे, कचरा उचलणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे एवढ्यापुरते ठेवावे आणि तेही पुरातत्त्व खात्यास विचारून. दगडाला हात लावण्याचे काम जाणकारांचे आहे.

कायद्याचे पाठबळ पुरेसे आहे. राज्याचा प्राचीन स्मारकांविषयीचा अधिनियम १९७८ पासून अस्तित्वात आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली असून, अनुच्छेद ५१ क ने संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. ‘संमिश्र’ हा शब्द गोमंतकाला जसा लागू पडतो तसा क्वचितच अन्यत्र पडत असेल. खोलगडाच्या तटात प्रभू रामचंद्र व सीतामाई यांच्या वनवासाची आख्यायिका आहे आणि सांत आंतोनची चर्चही आहे. दोन्हींना मानणारे लोक त्याच दरवाजातून आत जातात.

शिक्षकांकडून एक अपेक्षा आहे. गावातील वृद्धांना किल्ल्याच्या प्रत्येक बुरुजाचे, वाटेचे, टाक्याचे बोलीतले नाव ठाऊक असते. कागदोपत्री ही नावे बहुधा सापडत नाहीत. सहावी-सातवीच्या मुलांनी एका रविवारी वही घेऊन ती उतरवून घ्यावीत, साधा नकाशा काढावा आणि त्याची एक प्रत पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी. नांगरताना वा पाया खणताना एखादे नाणे, तोफगोळा वा कोरीव दगड सापडला, तर तो घरी न नेता जागेवरच ठेवून पंचायतीच्या सचिवास किंवा मामलेदारास त्याच दिवशी वर्दी द्यावी. वस्तू कोणत्या थरात व कोणत्या जागी मिळाली हे कळले तरच तिच्यावरून काळ ठरविता येतो.