तान्हा पोळा संपला, नंदी कुठे ठेवायचा?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, गोंडपिपरीची पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात. बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, हाती पडतो, तान्हा पोळा संपतो आणि नंदी जातो खाटेखाली. तिथं ओल आणि वाळवी त्याची वाटच पाहत असतात.

पावसाळा अजून सरलेला नसतो. म्हणून झूल, माळा आधी काढाव्यात, लाकूड कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवावं आणि नंदी उंच फळीवर ठेवावा. कडक उन्हात लाकडाला चिरा पडतात.

बाकीच्या खेळण्यांना बुरडाची उघडी टोपली उत्तम. हवा खेळते, झाकणाची कटकट नाही, त्यामुळे लहान मूलही खेळणं स्वतः परत टाकतं. बांबूतल्या पिष्टावर मात्र भुंगा जगतो. टोपलीखाली पिवळसर भुकटी दिसली की तो लागला समजावं.

खरी काळजी कपड्यांची. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोतच! त्यांत बहुधा नॅफ्थलीन असतं. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात, कावीळ वाढते. शिवाय पांढरी गोळी मुलांना पेपरमिंटच वाटते. त्यापेक्षा कडुनिंबाचा वाळवलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवावा. तो दर मोसमात बदलावा लागतो, एवढंच.

थोरल्याचे कपडे धाकट्याला घालायचे आहेत आणि ते डांबरगोळ्यांत ठेवलेले होते? मग आधी धुवा, उन्हात चांगले वाळवा आणि वास पुरता गेल्यावरच बाळाच्या अंगात घाला.