तिशीतली बाई आणि इंग्रजीचा धडा



विद्वान वक्त्यांच्या पंक्तीत आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसास आपण पाट मांडलात, याबद्दल आभार. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मस्टर, नोटिसा नि एक फाटकी डिक्शनरी यांवरच अधिक झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा नसावी. एका धड्याची हकीकत तेवढी सांगावयाची आहे.

बोईसरला आम्ही कामगार भगिनींसाठी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. एकदा एक छापील धडा घेतला. तिशीपर्यंत स्त्रीने आयुष्यात काय काय गाठावे, हा त्याचा विषय. पदवी, नोकरी, लग्न, स्वतःचे घर, मूल, परदेशचा प्रवास; प्रत्येक टप्प्याला एकेक इंग्रजी शब्द. युक्ती वाईट नव्हे. स्वतःच्या आयुष्याला चिकटलेला शब्द लवकर पाठ होतो. पण त्या दिवशी वर्ग गप्प. शेवटी एक बाई म्हणाली, "भाऊ, यातले लग्न आणि मूल एवढेच आमचे. तेही विशीच्या आसपास उरकले. पुढची दहा वर्षे आम्ही जे केले, त्याला यात शब्दच नाही."

तिचे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले आढळले. अशी मुलगी तिशीला येते तेव्हा तिचे मूल पाचवी-सहावीत असते. पहाटे उठून सर्वांचे डबे करावयाचे, सफाळ्याला गाडी गाठावयाची. आई भाजीची पाटी घेऊन मुंबईच्या बाजूला गेली. लेक डबा घेऊन बोईसरच्या बाजूला जाते. एवढाच पालट.

आणि या लेकीला इंग्रजी येत नाही असे म्हणावे, तर तेही खरे नव्हे. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आज तिशीत असलेली बाई त्या पहिल्या काही तुकड्यांतली आहे. तिला ॲपल येते, बॉल येतो. पण नेमणुकीच्या कागदावरचे वाक्य येत नाही. शाळेने अक्षर दिले, पण त्या अक्षराने आपले हित कसे राखावे, हे दिले नाही.

याचे मोल काय पडते, ते आमच्या डोळ्यांदेखत घडले. एका कारखान्यातली बाई सातव्या महिन्यात होती. तिला एका कागदावर सही करावयास सांगितले. रजेचा अर्ज आहे असे तिला वाटले. मनात शंका आली म्हणून तो कागद घेऊन ती आमच्या कचेरीत आली. आमची बैठक चालू होती. आम्ही म्हणालो, "उद्या ये." दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने सही केली. तो राजीनामा होता. 'लीव्ह' आणि 'रेझिग्नेशन' या दोन शब्दांत एक नोकरी गेली. दीड वर्षाच्या खटपटीने तडजोडीची थोडी रक्कम मिळाली, काम मिळाले नाही. कारखान्याचा दोष आहेच. पण "उद्या ये" हे आमचे शब्द होते, ते आम्हांस अजून बोचतात.

वास्तविक बाळंतपणाच्या हक्काचा शब्द आपल्या मुलुखाला नवा नाही. मुंबई इलाख्याने १९२९ सालीच त्याचा कायदा केला. कौन्सिलात त्या बिलाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. पुढे १९६१ चा कायदा आला. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे, एवढी अट. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. २६ आठवडे तसेच राहिले आहेत. रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदा आहे. म्हणूनच राजीनामा मागतात!

तेव्हापासून आम्ही छापील धडा मिटला. प्रत्येकीने आपल्या घरातला एक इंग्रजी कागद आणावयाचा, तोच धडा. 'कन्फर्मेशन' म्हणजे कायम होणे. 'नॉमिनी' म्हणजे आपल्या मागे पैसा कोणाच्या हाती जाईल तो. प्रॉव्हिडंट फंडात लग्नाआधी भरलेले नाव लग्नानंतर रद्द ठरते, नवे भरावे लागते, हे वर्गात कितीतरी जणींना ठाऊक नव्हते. 'ग्रॅच्युइटी'ला सामान्यतः सलग पाच वर्षे लागतात; म्हणून 'ब्रेक' हा शब्दही शिकवला. तिशीतल्या बाईचे टप्पे हेच आहेत. यांना कोणी हार घालीत नाही, पण म्हातारपण यांवरच उभे राहते.

कोणी म्हणेल, आता या वयात काय शिकायचे? पार्वतीबाई आठवले यांचे स्मरण करा. जन्म १८७० चा, देवरुखचा. विसाव्या वर्षी वैधव्य आले. त्यानंतर शिकल्या आणि अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवू लागल्या. इंग्रजीवाचून अडते, असे दिसले. तेव्हा १९१८ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या, आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. ही सारी हकीकत त्यांनी 'माझी कहाणी'त मराठीत लिहून ठेवली आहे. भाषा त्यांस मिरवण्यासाठी नको होती, कामासाठी हवी होती. आमच्या भगिनींचेही तसेच आहे.

म्हणून जाता जाता एवढेच मागणे. ज्या घरातून बाई कामाला जाते, त्या घराने एक नेम करावा: वाचून घेतल्याशिवाय सही नाही. आणि गावात जे चार शिकलेले आहेत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ कुठल्याही ओटीवर बसून हे कागद वाचून द्यावेत. फक्त कोणी कागद घेऊन आले, तर "उद्या ये" म्हणू नये.