जहाजबांधणी : सुताराच्या स्मृतीपासून संगणकातील घटकापर्यंत



तात्यापाऱ्यापासून समुद्र फार दूर आहे. परंतु शेजारच्या भिलाईचे पोलाद त्या समुद्रावर आज तरंगते आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेसाठी 'सेल'ने सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद पुरविले आणि ते पुरविणाऱ्या कारखान्यांत भिलाईचाही समावेश होता. हे पोलाद कापले जाण्यापूर्वी जहाज एकदा संगणकात बांधले जाते. ते कसे, हे जाणण्यासारखे आहे.

पूर्वी जहाजाचे ज्ञान माणसाच्या हातात असे. १७३६ साली सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी वाडियांच्या घराण्यात ही विद्या पित्याकडून पुत्राकडे गेली. त्यांच्या गोदीतील सागवानी 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरली; ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे. कोणते लाकूड कोठे बसवावे याचा निर्णय कुशल सुताराची नजर करी. नजर मात्र वारशाने जाईलच, असे नाही.

नंतर कागदी नकाशे आले. नकाशावर भिंत म्हणजे दोन रेषा. आपण भिंत आहोत, हे त्या रेषांना ठाऊक नसते. ज्ञानाधिष्ठित अभियांत्रिकीच्या प्रणालीत तसे नसते. तेथे प्रत्येक भिंत, पत्रा, नळ हा स्वतंत्र 'डेटा ऑब्जेक्ट' असतो. त्याला मराठीत 'घटक' म्हणावे. शब्द थोडा नीरस आहे, पण 'वस्तू'पेक्षा बरा. या घटकाजवळ त्याचे नाव, जाडी, धातूची प्रत, वजन, शेजाऱ्यांशी नाते आणि मुख्य म्हणजे त्याचे नियम असतात.

जहाजाच्या नाळेमागील टक्कररोधक भिंत पाहा. टक्कर होऊन पुढचा भाग फुटला, तर पाणी मागे येऊ न देणे हे तिचे काम. प्रवासी व मालवाहू जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांनुसार ती पुढील लंबरेषेपासून जहाजाच्या लांबीच्या ५ टक्के किंवा १० मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जवळ असू नये. जहाज १५० मीटर लांब असेल, तर हे अंतर किमान साडेसात मीटर होते. हा नियम घटकातच लिहिला असेल, तर भिंत सात मीटरवर सरकविताच प्रणाली हरकत घेते. भिंत योग्य ठिकाणी सरकली, की तिच्यातून जाणाऱ्या नळांची छिद्रे आणि वजनाचा हिशेबही तिच्यामागोमाग बदलतो.

वजनाचा हिशेब क्षुल्लक नव्हे. १० मीटर लांब व अडीच मीटर रुंद पत्र्याची जाडी एका मिलिमीटरने वाढविली, तर वजन सुमारे १९६ किलो वाढते. आणि जहाजात असे पत्रे अगणित. वाढ वरच्या मजल्यांवर झाली, तर जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो व स्थैर्य घटते.

माझगाव डॉकमध्ये बांधलेली पहिली 'निलगिरी' १९७२ साली नौदलात आली. ब्रिटिश 'लिअँडर' वर्गाच्या आराखड्यावर ती आधारलेली होती. १५ जानेवारी २०२५ रोजी त्याच नावाची नवी, भारतीय आराखड्याची नौका दाखल झाली. तिच्या सांगाड्याचे भाग जोडण्यापूर्वीच त्यांत बरीच सामग्री बसविण्याची पद्धत वापरली गेली. अशा कामात एका भागातील नळाचे टोक दुसऱ्या भागातील नळासमोर नेमके यावे लागते. ते आले नाही, तर तयार पोलाद पुन्हा कापावे लागते.

तथापि घटकात लिहिलेले ज्ञान हे कोणीतरी लिहिलेले असते. नियम का आहे हे न समजता तरुण अभियंता केवळ हिरवी खूण पाहून पुढे जाऊ लागला, तर वाडियांच्या सुताराहून तो दुबळाच ठरेल. जुना घटक नव्या जहाजात जसाच्या तसा उतरविला आणि त्याचे नाते जुन्याच भिंतीशी राहिले, तर संगणक निमूटपणे चुकीचे उत्तर देतो. म्हणून चांगल्या आराखडा-कार्यालयात नियमाशेजारी त्याचे कारणही नोंदवितात.

१० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका पहिल्याच सफरीत, स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली. वरचा भार जास्त होता, हे मुख्य कारण. पुढे तिच्या अवशेषांत सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या : काहींवर स्वीडिश फूट, बारा इंचांचा, काहींवर ॲम्स्टरडॅमचा, अकरा इंचांचा. आजच्या घटकात लांबीच्या आकड्यापुढे एककाचा रकाना असतो, आणि तो रिकामा ठेवता येत नाही.