समुद्राकाठी बिऱ्हाड नेण्यापूर्वी

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या शाळांतून मी पस्तीस वर्षे मुलांना भूगोल शिकविला. हिंदी महासागरातील मॉरिशस बेट नकाशावर दाखविताना माझ्या छडीचे टोक त्या ठिपक्याहून मोठे असे. त्याच ठिपक्यावर आपले बिऱ्हाड हलविण्याचा प्रश्न पुढे माझ्याच घरात उभा राहील, असे त्या काळी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

आमचे चिरंजीव तेथील पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाक या गावी, एका हॉटेलात नोकरीस आहेत. एके रात्री त्यांनी फोनवरून सांगितले, "बाबा, लातूरचे घर विकून टाका आणि दोघेही इकडे या. आईच्या गुडघ्यांना इकडची हवा मानवेल." मला ते पटले. 2016 साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, तेव्हा याच गुडघ्यांनी घागरी वाहिल्या होत्या. परंतु सौभाग्यवतींनी एकच विचारले, "अहो, घर इकलं तर परत आल्यावर पिशवी कुठं ठेवायची?" मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट कागदांची. सहलीसाठी जाणाऱ्या भारतीयास मॉरिशसमध्ये उतरल्यावर प्रवेश मिळतो. परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. वस्तीस जाणे मात्र निराळे. पन्नाशी उलटलेल्या निवृत्त परदेशीयास तेथे वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. पण त्यासाठी ठराविक रक्कम बाहेरून तेथील बँकेत नियमाने आणावी लागते. ती अमेरिकी डॉलरांत ठरते आणि जिल्हा परिषदेच्या मास्तराच्या निवृत्तिवेतनास काही पेलत नाही. दुसरी वाट अशी की, ज्याच्याजवळ तेथे नोकरीचा परवाना आहे, त्याच्या आईवडिलांना त्याच्यावर अवलंबून असलेले म्हणून परवाना मागता येतो. आमची वाट हीच होती.

त्यासाठी मुलाचा जन्मदाखला हवा होता. आमच्या मुलाचा जन्म आजोळी, खेड्यात झाला. नोंद कोणी केलीच नव्हती. एक वर्षाहून अधिक उशिराच्या नोंदीस पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो अधिकार जिल्हा व उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. आम्ही हेलपाटे घालून दाखला मिळविला, तर एका कचेरीत मातेच्या रकान्यात माहेरचे नाव पडले आणि पासपोर्टावर सासरचे! आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आहे. त्या चालीची किंमत अशा वेळी कळते. तेव्हा सर्व कागदांवरील नावे अक्षरन् अक्षर ताडून घ्या. नंतर राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल नावाचा शिक्का, हा क्रम आहे. याखेरीज रक्ताची तपासणी व छातीचा क्ष-किरण फोटो लागतो.

दुसरी गोष्ट पैशाची. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही, तर जिवंत माणसाचेही निवृत्तिवेतन थांबते. 2014 पासून हा दाखला डिजिटल रीतीने देता येतो आणि परदेशात भारतीय वकिलातही तो करून देते. मात्र आपली कचेरी यांपैकी कोणता स्वीकारते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. कायमच्या वस्तीस गेलेल्याने आपले बँकेतील खाते अनिवासी साधारण खाते करून घ्यावे लागते. वडिलार्जित शेतजमीन ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही, आणि असलेली विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच. घरपट्टी, वीज आणि शेताचा व्यवहार पाहणाऱ्या विश्वासू नातलगाचे मुखत्यारपत्र जाण्यापूर्वीच करावे.

तिसरी गोष्ट औषधांची. आपला आरोग्य विमा बहुधा भारताबाहेर चालत नाही. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांना तेथे आधी परवानगी लागते. म्हणून डॉक्टरांची सही असलेली चिठ्ठी मूळ औषधाबरोबरच बांधावी. रोपे व बियाणे परवान्यावाचून नेता येत नाहीत. सौभाग्यवतींनी तुळशीच्या मंजिऱ्या पदरी बांधल्या होत्या; त्या मुंबईलाच ठेवाव्या लागल्या.

हे सर्व झाल्यावर, परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी, आम्ही आधी पाहुणे म्हणूनच दोन महिने तेथे राहिलो. मॉरिशसचे ऋतू आपल्या उलट. वैशाखात लातूर-नांदेड भाजून निघत असता तेथे सौम्य हिवाळा लागतो. आमचे ते दोन महिने फार सुखाचे गेले. पण डिसेंबर ते मार्च हा तेथील दमट उन्हाळा आणि चक्रीवादळांचाही काळ. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून नेल्या. म्हणून म्हणतो, ज्या गावी कायम राहावयाचे, तेथील वाईट ऋतू आधी पाहावा.

शेजाऱ्यांची भाषा क्रिओल, वर्तमानपत्रे फ्रेंच. ज्वारीचे पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. पण डाळ भरलेली 'ढोलपुरी' गाड्यावर मिळते. तिखट चटणीबरोबर ती खाताना बिनगुळाची पुरणपोळी खाल्ल्यासारखे वाटले. जवळच्या कास्काव्हेल गावात मराठी वंशाची मंडळी आहेत. त्यांचे पूर्वज कोकणातून मजूर म्हणून गेले. गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकविली जाते. मात्र घरात बहुधा क्रिओलच बोलली जाते.

शेवटी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहिला. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे पाच लाख माणसे करारावर या बेटावर आणली गेली. घाटावरच्या सोळा पायऱ्या चढून त्यांचे नवे आयुष्य सुरू होई. अनेकांना परत जाता आलेच नाही. त्या पायऱ्यांवर सौभाग्यवती काही वेळ बसून राहिल्या आणि मला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. आमचा परवाना मुलाच्या नोकरीवर उभा राहणार. नोकरी संपली की तोही संपणार. अशा आधारावर हयातीचे घर विकणे म्हणजे परतीची पायरी आपल्याच हाताने काढून टाकणे होय. त्या मजुरांना निवड नव्हती, आम्हास होती.

आम्ही घर विकले नाही. खालच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या, वरची कुलपात ठेवली. आता दरवर्षी एप्रिलच्या मध्यास जातो आणि मृगाच्या सुमारास परततो. किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते. मुलास हे प्रथम रुचले नाही, पुढे तोच म्हणाला, "बाबा, बरे केलेत. मलाही परत यायला घर उरले."

श्रोतेहो, समुद्राकाठी अवश्य जा. फक्त घराची किल्ली बरोबर न नेता कोणा विश्वासू माणसाच्या हाती ठेवून जा.