कावीळ गेली, यकृताचं काय?

तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा असो की सातपुड्याच्या पायथ्याचा एखादा पाडा, मोहाची दारू कुणाला नवी नाही. पण काविळीतून उठलेला माणूस सांगतो, "पूर्वी दोन ग्लास पचायचे, आता अर्ध्यातच गरगरतं." खरं आहे त्याचं. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू थेट यकृतावर घाव घालतात, आणि दारूचा निचराही मुख्यतः यकृतच करतं. डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी आतली सूज कधी कधी काही महिने रेंगाळते. वजन घटलेलं असलं, की तेवढीच दारू जास्त चढते. वर तापासाठी पॅरासिटामॉल चालू असेल तर दुखऱ्या यकृतावर दुहेरी भार! मंत्रानं कावीळ 'उतरवून' घेतली तरी रक्तातलं एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम काही उतरत नाही. ते तपासूनच बघावं लागतं. तोवर, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत, ग्लास पालथाच ठेवा. घरी गाळलेल्या दारूची तीव्रता तर कुणी मोजलेलीही नसते.