आपल्या गावची बातमी कुठे जपली आहे?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितले होते. मी विषय निवडला आहे वर्तमानपत्रांचा. दोन्हींचा संबंध कुठे येतो, ते पुढे सांगते.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली मुंबईत निघाले. आपले गंगाखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथे पुढे कारभाराची भाषा उर्दू झाली आणि मराठी पत्र चालवणे हे जोखमीचे काम होते. १९२० मध्ये हैदराबादहून 'निजाम विजय' सुरू झाले. पुढे आ. कृ. वाघमारे यांनी साप्ताहिक 'मराठवाडा' काढले. सरकारने बंदी घातली, तर त्यांनी दुसऱ्या नावाने अंक काढला. त्यावरही बंदी आली, की आणखी नवे नाव! १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. पुढे हे पत्र औरंगाबादहून निघू लागले आणि अनंत भालेरावांच्या संपादकत्वाखाली १९६८ मध्ये दैनिक झाले. आज ते बंद आहे.

ही झाली मोठी नावे. पण गावाची खरी नोंद ठेवली ती नांदेडच्या 'प्रजावाणी', 'गोदातीर समाचार'सारख्या जिल्ह्याच्या दैनिकांनी आणि तालुक्याच्या साप्ताहिकांनी. अशा साप्ताहिकाचा मालक, संपादक, बातमीदार आणि वाटप करणारा बहुधा एकच माणूस. छापखाना चालायचा लग्नपत्रिकांवर, आणि अंक चालायचा जाहीर नोटिसांवर व १५ ऑगस्टच्या 'हार्दिक शुभेच्छां'वर. खिळे एकेक करून जुळवायचे, ट्रेडल मशीनवर छापायचे, आणि एखादे अक्षर कमी पडले तर बातमीतला शब्दच बदलायचा!

आपण या अंकांना हसलो असू. पण गोदावरीचे पाणी कोणत्या वर्षी कुठवर चढले, मोंढ्यात कापसाला काय भाव निघाला, नगरपालिकेत कोण कोणाविरुद्ध उभे होते, बोर्डाच्या परीक्षेत आपल्या शाळेचे कोण चमकले, हे राजधानीच्या दैनिकात सापडणार नाही. ते याच चार पानांत आहे.

आणि ही चार पाने संपत चालली आहेत. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहते, ते उजेडाने आणि हवेने पिवळे पडते व कागद ठिसूळ होतो. उरलेले काम वाळवी आणि रद्दीवाला करतात. प्रकाशकांनी अंक सरकारी ग्रंथालयांना पाठवावेत असा १९५४ चा कायदा आहे, तो १९५६ पासून वर्तमानपत्रांनाही लागू झाला. पण तालुक्याच्या साप्ताहिकाचा प्रत्येक अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचला असेल, या भरवशावर बसता येणार नाही.

तुम्हाला वाटेल, कॉम्प्युटर आल्यापासूनचे तरी अंक सुरक्षित असतील. इथे माझा धंदा येतो. डीटीपीच्या काळातले मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. ती फाईल आज तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडली, तर बातमीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये 'क' ला जगभर एकच क्रमांक आहे, २३२५. जुन्या फाईलींना ही सोय नव्हती. म्हणजे १९५० चा कागद एक वेळ वाचता येईल, पण १९९८ ची फ्लॉपी वाचता येणार नाही.

म्हणून माझी तीन कामांची विनंती आहे. एक, घरातल्या माळ्यावर, दुकानात, जुन्या छापखान्यात स्थानिक अंक असतील तर रद्दीत देण्याआधी आपल्या माजी विद्यार्थी मंडळाला कळवा; कात्रण असले तरी चालेल, फक्त त्यावर तारीख लिहा. दोन, ३०० डीपीआयवर पूर्ण पान स्कॅन करू. मराठी मजकूर ओळखणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत, त्यांच्या चुका तपासायला आपल्यातले निवृत्त शिक्षक हवेत. तीन, प्रती तीन ठिकाणी ठेवू, त्यातली एक गावाबाहेर.

स्कॅनिंगची तांत्रिक बाजू मी सांभाळते. अंक मात्र मी पुण्या-मुंबईत बसून शोधू शकत नाही. ते तुमच्याच घरात आहेत. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने एक जुना अंक आणावा, एवढेच मागते.