मधमाशीचे नृत्य आणि माणसाची वाणी



प्राण्यांना भाषा असते काय, या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस प्रथम मधमाशी आठवते. तिच्या नृत्याचा उलगडा करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परतलेली माशी उभ्या पोळ्यावर अंग थरथरवीत सरळ धावते. त्या धावेचा उभ्या रेषेशी होणारा कोन सूर्याच्या संदर्भाने फुलांची दिशा सांगतो. धाव जितका वेळ चालते, तितके अंतर अधिक.

केवढी ही अचूकता! तरीही ती सांगते तो केवळ ठावठिकाणा. आपण मात्र मोजक्या ध्वनींतून अगणित वाक्ये रचतो, प्रश्न विचारतो आणि मुलांना कधीही न पाहिलेल्या पंढरीच्या वाटेने नेतो.

माशीचे नृत्य सर्वस्वी उपजत, अशी आमची समजूत होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तिला धक्का दिला. अनुभवी माश्यांचे नृत्य ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्या माश्या नाचल्या खऱ्या, पण चुकत. दिशेच्या चुका पुढे सुधारल्या. अंतराच्या मात्र जन्मभर राहिल्या.

जे माशीचे, ते माणसाचे कितीतरी अधिक. बोलण्याची शक्ती उपजत. मराठी मात्र रक्तातून उतरत नाही. येथील भाषा मुलांनी आनंदाने शिकावी. ती त्यांना शाळेत, रस्त्यावर भेटतेच. मराठी आपल्याच तोंडून ऐकू येणार. घाईच्या वेळी आम्हीच मुलांशी इंग्रजीत बोलून मोकळे होतो, हे कबूल केले पाहिजे. गणेशोत्सवापुरती मराठी पुरणार नाही; ती रोज जेवणाच्या पानावर हवी.